आधी वीज, मग वजन

बुधवार होता, आणि बुधवारी सकाळी मालवणच्या बाजारातून पाव किलो खाजे आणायचे हा माझा दोन वर्षांचा नेम होता. संध्याकाळी अनंत मेस्त्री येत, आणि चहाबरोबर त्यांना आल्या-गुळाचे खाजे लागे. दुकानदाराने पुडी बांधता बांधता माझ्याकडे पाहिले आणि त्याचा हात थांबला. "मास्तरानु, तुमका कोणी सांगूक नाय काय? मेस्त्री पहाटे गेले. झोपेतच." मी काय बोललो ते आठवत नाही. पुडी परत कशी करायची हे न सुचल्याने ती घेऊन निघालो, एवढे आठवते. आणखीही एक गोष्ट आठवते. बंदराच्या रस्त्याला लागेपर्यंत, क्षणभरच, मला सुटल्यासारखे वाटले. आज संध्याकाळी त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न आता उरला नव्हता.

अनंत मेस्त्री आमच्या भागातले वायरमन. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. लग्न केले नाही, बहीण जामसंड्याला, त्यामुळे निवृत्तीनंतर घरात मी आणि माझी पुस्तके. विजेचा सिद्धान्त चाळीस वर्षे फळ्यावर मांडला, पण घरातला बल्ब गेला की मेस्त्रींना फोन करत असे. कौलारू घर, उंच वासे, आणि मला स्टुलावर उभे राहिले की चक्कर येते. ते येत, बल्ब बदलत, मग पायरीवर बसून अर्धा तास बोलत. "मास्तरानु, तुमचे बल्ब लवकर जातत हां," ते एकदा मिश्कीलपणे म्हणाले. मी व्होल्टेजला दोष दिला. खरे तर दोनदा मी चालू बल्बच सैल करून ठेवला होता. अंगणातली बोरे पाडायच्या काठीने, खालूनच... हे त्यांना कळले असावे, असे आता वाटते.

पुढे त्यांनी जो दिवा शोधून काढला, त्याची सुरुवात मात्र त्यांच्या स्वतःच्या घरातून झाली. स्वयंपाकघरातला बल्ब चार दिवस गेलेला, मेस्त्री चतुर्थीच्या कामात घरोघर गणपतीवरच्या माटवीखाली दिवे लावत फिरत होते. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी स्वतः स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या दिवसानंतर कित्येक महिने ते माझ्याकडे आले की एकच वाक्य बोलत. "अख्ख्या गावाचे बल्ब मी बदलतंय, आणि माज्या घरात बायल स्टुलार चडता." वहिनी काठी टेकत चालू लागल्या तेव्हा एके दिवशी ते आंबे उतरवायचा लांब काठीचा झेला खांद्यावर घेऊन आले. "आंबो खाली उभ्यान उतरता, मगे दिवो कित्या नाय?"

त्या झेल्यापासून त्यांनी जे घडवले ते दिसायला अगदी साधे आहे. वाशाला पितळी वाटी कायमची बसवायची, घरातली तार तिथेच संपते. दिव्याच्या, म्हणजे बल्ब धरणाऱ्या होल्डरच्या, डोक्यावर तशीच एक टोपी. काठीच्या टोकाला, सायकलच्या ट्यूबचे अस्तर लावलेला खोलगट पेला. दिवा पेल्यात धरून वर न्यायचा, दाबायचा, पाव फेरा उजवीकडे फिरवायचा. दिवा टांगला जातो आणि त्याच फिरण्यात वीजही जोडली जाते. वेगळी तार नाही, वेगळा स्क्रू नाही. उतरवताना पाव फेरा डावीकडे. यातली खरी बुद्धी पहिल्यांदा पाहताना माझ्या लक्षात आली नव्हती. उतरवताना फेऱ्याच्या पहिल्या अर्ध्या भागात फक्त वीज तुटते, दिवा लटकलेलाच राहतो. उरलेल्या अर्ध्यात तो सुटतो. "आदी वीज, मगे वजन," मेस्त्री बोट उचलून सांगत. "हातात येवच्या आदी तो मेल्लो व्हयो." आणि आमच्या खाऱ्या हवेत पितळेवर जो हिरवा गंज चढतो, त्याचाही इलाज त्या फिरण्यातच होता. दर खेपेला पितळ पितळेवर घासते आणि स्वच्छ होते. त्यासाठी महिन्यातून एकदा तरी दिवा उतरवून पुन्हा चढवायला हवा. न वापरता टांगून ठेवला तर तो बिघडणार, हे ते प्रत्येकाला बजावत.

पहिला दिवा त्यांनी आपल्या घरात लावला. दुसरा लावायला आम्ही मिळून एका आजींकडे गेलो. त्या एकट्या राहतात, मुलगा मुंबईला. त्यांच्या पडवीतला बल्ब गेला की मुलगा चतुर्थीला येईपर्यंत तसाच राहत असे. मेस्त्रींनी हौसेने काठी त्यांच्या हाती दिली, दिवा खाली आला, वर गेला, पेटला. आजींनी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "बरो आसा रे तुजो दिवो, अंता. पण बल्ब गेलो म्हणान तरी झिल फोनार इचारी, आये, काळोखात पडशीत. आता तो काय इचारतलो?"

"इचारतलो, दिवो कसो आसा म्हणान!" मेस्त्री म्हणाले, आणि दोघेही खूप हसले. मला हसता आले नाही. मी बाहेर येऊन चपला शोधत राहिलो.

माझ्या घरीही त्यांनी तो दिवा लावला, आणि मला भीती होती तेच झाले. आता त्यांना बोलवायला कारण उरले नाही. पण त्याच सुमारास त्यांना पेटंटचा अर्ज करायचा होता. अर्जाला वस्तूचे वर्णन जोडावे लागते, आणि ते असे हवे की या कामातल्या जाणत्या माणसाने नुसते वाचून ती वस्तू बनवावी. मेस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. "माजे हात सांगतत, तोंड नाय," ते म्हणाले. "तुमी लिवा. तुमका शब्द गावतत." असे आमचे बुधवार सुरू झाले.

वर्णन चार महिन्यांत पूर्ण होण्यासारखे होते. मी ते दोन वर्षे चालवले. माझ्या भिडस्त, शंकेखोर स्वभावाला सगळेच ओळखतात, त्यामुळे कोणालाच संशय आला नाही. 'वाटी' म्हणावे की 'ग्राहक', 'फेरा' म्हणावे की 'परिवलन', यावर मी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या. एकदा ते चिडले. "मास्तरानु, वाटीक वाटी म्हणा! उद्या वाटीत आमटी वाढलास तरी माका चलात!" मी हसलो, आणि पुढच्या बुधवारी 'पेल्या'वर शंका काढली. शेवटचा परिच्छेद, दिवा उतरवण्याची रीत, मी कोराच ठेवला होता. तो लिहिला की अर्ज जाणार, आणि अर्ज गेला की बुधवारी ते कशासाठी येणार... शेवटच्या भेटीत उठताना ते दारात थांबले. "पुढच्या बुधवारी संपवया हां. छातीत हल्ली कायतरी दुकता माज्या." मी म्हणालो, "डॉक्टरांना दाखवा." आणि म्हणालो, "हो, संपवू." मेस्त्रींनी मान हलवली, माझ्या दिव्याकडे एकदा पाहिले आणि गेले.

बाराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा ठेवला, आणि सरळ विचारले, "मास्तरानु, ता लिवलेला पुरा झाला काय?" काय उत्तर द्यायचे ते मी वाटेत पाठ केले होते. ते बाजूला ठेवून मी खरे सांगितले. कधीच पूर्ण करता आले असते, आणि का केले नाही, तेही. त्यांनी चहा चुलीवरून खाली उतरवला. मग म्हणाल्या, "दोन वर्सां बुधवारी सांजेक मी हय एकटी. पाय दुकलो तरी बोलूक नाय तेंका. माका वाटायचा, मोठा काम चल्ला हा, तेंका जावंदेत." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला उठून जाता आले असते. माझ्या एकटेपणावर मी जो उपाय केला, त्याची भरपाई दोन वर्षे दुसऱ्या घरातून होत होती, हे मला त्या खुर्चीत बसून कळले. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "आता तरी लिवा. तेंचा नाव त्याच्यार येवंदे."

घरी येऊन मी तो परिच्छेद लिहायला बसलो. अर्ध्या तासात झाला. शब्द सगळे मेस्त्रींचेच होते. वाटीला वाटीच म्हटले आहे. गेल्या बुधवारी कागद वहिनींना नेऊन दिले. शोधकाच्या नावापुढे अनंत मेस्त्री, अर्जदाराच्या जागी सुनंदा मेस्त्री. त्यांनी सावकाश सही केली, टपालात टाकेपर्यंत कागद नीट घडी करून मेस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत ठेवले, आणि मी पुढच्या बुधवारी येऊ का, असे विचारायचे माझ्या तोंडात होते... ते मी विचारले नाही.

काल संध्याकाळी माझ्या माजघरातला बल्ब गेला. या खेपेला तो आपला आपण गेला. दोन महिने मी दिवा फिरवला नव्हता, म्हणून काठी वर नेताना धास्ती वाटत होती. दिवा पेल्यात बसला. डावीकडे फिरवताना क्षणभर पितळ अडले, मग घासल्याचा बारीक आवाज आला. अर्ध्यावर मी थांबलो, मेस्त्री थांबत तसा. नंतर उरलेला अर्धा. दिवा काठीवरून उतरून हातात आला, सांगितल्याप्रमाणे मेलेला आणि थंड. मी नवा बल्ब घातला, दिवा वर नेला, दाबला, उजवीकडे फिरवला. माजघर उजळले. कोणालाही बोलवावे लागले नाही.