वहिनीची गाडी आणि दादाची पाठ

माझी वहिनी नव्या गाडीचं कौतुक करायला लागली की समोरच्याने हातातलं काम खाली ठेवावं, कारण ते लवकर संपत नाही. पिकअप घेतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या दुकानात बसून जे जे सांगितलं, ते मला आता तोंडपाठ आहे. आरसे एवढे मोठे की मागच्या गाडीवाल्याने दाढी केली आहे की नाही तेही दिसतं. चढ आला तरी गाडी कुरकुरत नाही, नुसता आवाज जाड करते आणि चढते. हौद्याचा फाळका एका हाताने उघडतो. ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी राहते, "आपल्या जुन्या गाडीसारखी आधी विचार करत बसत नाही." मी गाद्या आणि सीटकव्हरं शिवतो. गाड्यांविषयी बोलणारी माणसं माझ्याकडे रोज येतात. पण आपल्या गाडीविषयी इतकं भरभरून कुणी बोलत नाही, बायकोविषयी तर नाहीच नाही.

वहिनी उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागते. गाडी मात्र तिने अशी घेतली की चाकाशी उभी राहिली तर वहिनीला शोधावं लागतं. शोरूममधल्या सेल्समनने तिला पाहून विचारलं, "साहेब नाही आले?"

"साहेब घरी आडवे पडलेत," वहिनी म्हणाली. "किल्ली माझ्याकडे द्या."

मग दाराच्या दांड्याला लोंबकळून ती एकदाची वर चढली, सीट पुढे ओढली आणि आरसे जुळवत बसली. सेल्समन कंटाळून आत निघून गेला तरी तिचं चाललंच होतं. वहिनीने कित्येक वर्षं शाळेची बस चालवली आहे. शेवटच्या बाकावर कोण कुणाची वेणी ओढतंय हे तिला पुढे बसून कळायचं. मागचं सगळं नीट दिसल्याशिवाय ती गाडी इंचभर हलवत नाही, मग पुढे कुणीही ताटकळत उभं असो.

आडवे पडलेले साहेब म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा दगडाच्या भिंती बांधतो. बागेला, अंगणाला, उताराच्या कडेला. सिमेंट न लावता, दगडावर दगड बसवून. दगड हातात घेतला की तो एकदा फिरवतो आणि ठेवतो, आणि जिथे ठेवला तिथून पुन्हा उचलत नाही. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, माझ्या बायकोला तो अजून माझ्या मेहुणीच्या नावाने हाक मारतो, पण दगड त्याला चेहऱ्याने ओळखू येतात. कधीकाळी बांधलेल्या भिंतीजवळून जाताना मध्येच थांबेल आणि म्हणेल, "तो बघ, खालच्या थरातला. त्याने फार छळलं होतं मला."

त्या दादाची पाठ गेली ती एका उंबऱ्याच्या दगडापायी. लांबलचक, काळा, एका कडेला टवका उडालेला दगड. मदतीची दोन माणसं चहाला गेली होती. ती येईपर्यंत थांबायचं, पण दादाला दम निघेल तर ना. वाकला, उचलला, आणि वाकलेलाच राहिला. पुढे गिऱ्हाईकाने दुसराच दगड बसवून घेतला आणि हा आमच्या अंगणात परत आला. दादाने खिडकीतून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तो माझ्या नजरेसमोर नको." वहिनीने माणसं लावून तो घरामागे नेऊन टाकला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन उचलायचं नाही, पण पडूनही राहायचं नाही. हिंडा, फिरा, कामावर जाऊन उभं राहा आणि माणसांकडून करून घ्या. दादाने मान डोलावली, घरी आला आणि पलंगावर पडला तो पडलाच. "उचलायचं नाही तर तिथे जाऊन काय करू? टाळ्या वाजवू?" दाढी करणं त्याने सोडून दिलं. जेवायचं ताट पलंगाशी मागवायला लागला. कामावरची माणसं काही विचारायला आली की म्हणायचा, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." जो माणूस आयुष्यात कुणाला योग्य वाटेल ते करू देत नव्हता, त्याच्या तोंडून आता हे ऐकावं लागत होतं.

वहिनीने एकदा मला सरळच सांगितलं, "भावजी, पाठीचं मला काही वाटत नाही. पाठ होईल बरी. पण हे उठायचंच विसरून जातील, त्याची मला भीती वाटते."

तिने बसची नोकरी सोडली आणि दगड वाहायचं काम स्वतःकडे घेतलं. जुनी गाडी दगड घातले की पोट टेकायची, म्हणून ही नवी, दणकट. घेताना तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. मागे दगड आणि शेजारी दादा. दादा रोज शेजारी बसेल, कामावर येईल, माणसांवर खेकसेल आणि माणसात येईल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गाडी आली त्याच दिवशी तिने दादाला उठवलं, हाताला धरून आत बसवलं आणि चक्कर मारायला नेलं. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. त्याच्यावरून रिकाम्या गाडीचं मागचं चाक गेलं आणि गाडीने अशी लाथ झाडली की दादा सीटवरून उडाला. पुढे रस्ता खणून बुजवलेला होता, तिथे तर विचारायलाच नको. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तू चालव. मला पुन्हा बसवू नकोस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

वहिनी माझ्या दुकानात आली ती गाडीचं कौतुक सांगायला नव्हे, रडायला आली होती. पण सुरुवात तिने कौतुकानेच केली. मला वाटतं ती स्वतःचीच समजूत घालत होती. बोलता बोलता आरशांवरून ती पाठीवर आली आणि डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, वहिनी, हे माझं काम आहे, तू काळजी करू नकोस. सीट म्हटलं की आपल्याला कुणी शिकवू नये.

मी उत्तम फोमची जाड गादी शिवली. वहिनी आधी स्वतः बसून बघून आली आणि म्हणाली, "आता माणूस एकदा उडायच्या ऐवजी दोनदा उडतो." मी आणखी जाड केली. त्या गादीवर मी बसलो तर माझंच डोकं टपाला लागलं. तिसरी मी मधोमध खोलगट केली, तीत माणूस असा रुतला की समोरचा रस्ता दिसेना. वहिनीने तिन्ही गाद्या परत आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग एक दिवस दगड आणायला तिने मला सोबत नेलं. जाताना माझी हाडं खिळखिळी झाली. खाणीवर हौदा भरला, पुरता भरला. निघताना तिथल्या टपरीवर मी चहा घेतला आणि वहिनी घाई करायला लागली म्हणून ग्लास हातात घेऊनच गाडीत बसलो. घराजवळ येईपर्यंत आम्ही जुन्या गाडीच्या आठवणी काढत होतो, चहा ग्लासात तसाच होता. गल्लीतला स्पीडब्रेकर गेला, मी घोट घेतला.

वहिनीने गाडी थांबवली. माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत राहिली. मग माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्ट कोरडा होता.

"भावजी, सांडला नाही," ती म्हणाली.

एवढी गाड्यांमध्ये जन्म घालवलेली माणसं आम्ही, पण हे डोक्यात आलं नव्हतं. या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे भरल्या वजनासाठी केलेले. रिकामी असली की ते जराही दबत नाहीत आणि सगळा दणका वर येतो. पाठीवर ओझं पडलं की गाडी शहाण्यासारखी चालते. दोष गादीत नव्हता, हे मी त्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांना सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी दादा झोपेत असताना वहिनीने मला देखरेखीला उभं करून माणसांकडून हौद्यात दगड भरून घेतले. अंगणातला मोजकाच माल कामाचा होता, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून घरामागे पडलेले, टाकून दिलेले, कुणाला नको असलेले भरले आणि वरून ताडपत्री बांधली. मग आत जाऊन म्हणाली, "अहो, आपल्या कामावरच्या भिंतीचा कोपरा वाकडा चाललाय. उतरू नका, गाडीतूनच बघा आणि सांगा. पाटे आता रुळलेत, धक्के बसत नाहीत."

वाकडा कोपरा ऐकून दादाला राहवलं नाही. बसला. स्पीडब्रेकर आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. गाडी हलकेच वर गेली आणि खाली आली. त्याने हात सोडले.

त्या दिवशी तो गाडीतून बघत होता, दुसऱ्या दिवशी काच खाली करून ओरडत होता, आणि पुढे काठी घेऊन खाली उतरला. मी त्याच्यासाठी एका उंच खुर्चीला गादी शिवून दिली होती, ती खुर्ची भिंतीसमोर ठेवलेली असायची. तीत तो फार बसत नसे. कामावरची माणसं तक्रार करायला लागली, दादा पुन्हा सगळं काढून बसवायला लावतो म्हणून. वहिनी ती तक्रार बक्षीस मिळाल्यासारखी ऐकायची.

ताडपत्रीखाली काय आहे असं दादाने एकदा विचारलं. वहिनी म्हणाली, "दुसऱ्या गिऱ्हाईकाचा माल आहे, संध्याकाळी टाकायचाय." संध्याकाळी तोच माल घरी, सकाळी तोच माल कामावर. गाडी बिचारी विनाकारण ओझं वाहत होती, डिझेल पीत होती. कुणी रस्त्यात विचारलं, काय नेताय, तर वहिनी सांगायची, "ह्यांची पाठ." लोकांना वाटायचं थट्टा करते.

एके दुपारी मी कामावर गेलो होतो, तेव्हा भिंतीला दोन्ही बाजू धरून ठेवणारा लांब दगड हवा होता. समोरच्या ढिगात तसा नव्हता. वहिनी पलीकडे घरमालकिणीशी बोलत होती. दादा काठी टेकत गाडीकडे निघाला. मी म्हटलं, "दादा, तो दुसऱ्याचा माल आहे." तो म्हणाला, "एक बदलून देऊ." आणि त्याने ताडपत्रीची कड वर केली.

मी त्याच्या मागे उभा होतो. टवका उडालेली ती काळी कड मलाही दिसली. दादाने त्या दगडावर हात ठेवला. मग बाकीचे बघितले. एकेक ओळखीचा. कुठल्या कामातून कुठला उरला होता हे त्याला माहीत होतं.

"हे रोज?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "रोज," मी म्हटलं. "जातानाही आणि येतानाही. रिकामी असली की गाडी उडते. तुला सांगितलं असतं तर तू बसला नसतास."

दादा रागीट माणूस आहे. आपल्याला लहान मुलासारखं फसवलं हे त्याला सोसायचं नाही, तो पुन्हा जाऊन पलंगावर पडेल, असं मला वाटलं. त्याने ताडपत्री होती तशी बांधली आणि खुर्चीत जाऊन बसला. सुट्टी होईपर्यंत कुणावर ओरडला नाही.

घरी येताना आम्ही तिघं पुढे होतो. दादा मध्ये, मी दाराशी. वहिनीने आरसे बघितले, मग दादाकडे बघितलं. "दुखतंय का?"

"तो मागचा माल गिऱ्हाईकाला कधी देणार आहेस?" दादाने विचारलं.

"बघू. उद्या वगैरे."

"देऊ नकोस." तो समोर बघत म्हणाला. "पण मांडणी पार चुकलीय. सगळं ओझं एका अंगाला पडलंय, म्हणून वळताना गाडी झुकते. मी इतके दिवस म्हणतोय की ही अशी का झुकते. कुणी भरलं ते?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काचेतून बाहेर बघितलं.

"गाढव आहेस तू," दादा तिला म्हणाला. "एवढे दगड नुसते फिरवत बसलीस. माझ्यासाठी." "कुणी करेल का असं?"

वहिनीने गाडी कडेला घेतली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी दाराशी अडकून पडलो होतो, उतरायला जागा नव्हती, म्हणून मीही थोडा रडलो.

सकाळी मी गेलो तेव्हा दादा दाढी करून अंगणात उभा होता. हौदा त्याने पूर्ण रिकामा करायला लावला होता. मग एकेक दगड काठीने दाखवत, फिरवायला सांगत, नाही म्हणत, पुन्हा फिरवायला लावत त्याने हौद्यात बुटका थर बांधून घेतला. वर रोजचा माल ठेवता यावा असा सपाट, आणि असा घट्ट की मी वर उड्या मारून बघितल्या तरी एक दगड वाजला नाही. काळा दगड त्याने शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता.

"हा मधोमध," तो म्हणाला. "मागच्या चाकांच्या वर. माझी पाठ घेतलीय त्याने, आता त्यानेच सांभाळावी."

दगड बसला. दादा गाडीत चढला, काठी पायाशी ठेवली. वहिनीने आरसे जुळवले आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला तशी ती सवयीने अगदी हळू झाली.

"दबकतेस कशाला?" दादा म्हणाला. "मागचं मी बांधलंय."