दोन तालयंत्रे आणि माझा संताप

मुळशीत स्थायिक झाल्यापासून वरातींच्या गोंगाटाविरुद्ध मी तहसीलदारांस अर्जांमागून अर्ज धाडले. एकाचेही उत्तर आले नाही. माझ्या संतापाची ख्याती मात्र पंचक्रोशीत पसरली. तिच्यावर विसंबून एका सकाळी एक अनोळखी बँडवाला विजेवर चालणारी दोन तालयंत्रे घेऊन माझ्या ओसरीवर आला. डोक्याला जरीची टोपी, पाय अनवाणी. बैल पारखावेत तसा तो यंत्रांच्या पाठीवरून हात फिरवीत होता.

"साहेब, सांजच्याला ह्यातलं एक दुकानदाराला परत द्यायचंय. चुकीचं ठिवलं तर समदी लगीनसराई गेली. तुमास्नी कुटल्याचा जास्त राग येतो, त्येवढं सांगा."

"हा फौजदारी गुन्हा आहे!" मी ओरडलो.

"आजून चालू न्हाई केलं, साहेब."

तथापि दोन्ही पक्ष ऐकल्यावाचून निकाल देणे न्यायास धरून नव्हते. मी खुर्ची घेतली. पहिले यंत्र पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसे वाजले. मला केवळ कंटाळा आला. दुसऱ्याच्या खुंट्या करंगळी उंच धरून पिळत त्याने ढोलाचा आवाज असा खोल नेला, की माझी कवळी हलली. मी त्याच्या सात पिढ्यांवर खटला भरण्याची धमकी दिली.

"ह्येच घेतो," तो समाधानाने म्हणाला.

पहिलीच वरात त्याने माझ्या फाटकासमोर थांबवली. मी काठी घेऊन धावलो. त्याने वाकून नमस्कार केला आणि वादकांकडे वळला.

"साहेब बाहेर आलं. यंत्र बराबर लागलंय. चला आता मांडवाकडं."

माझ्या तक्रारीची इतकी तत्पर दखल सरकारदरबारी कोणी कधीच घेतली नव्हती.