शिळं पाणी

नळाला पाणी आलं की कालचं भरून ठेवलेलं ओतून द्यायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझं माहेर पुण्याच्या पेठेतलं. तिथे पाणी एका रात्रीत शिळं होतं. लग्न होऊन खराडीच्या फ्लॅटमध्ये आले, तरी सवय सुटली नाही.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि सासूबाई मराठवाड्यातल्या गावाहून आमच्याकडे आल्या. विहिरीने तळ गाठलेला, रोज दुपारी वावटळ उठून घरात माती. त्यांचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पाऊस पडून धूळ बसेपर्यंत गावी जायचं नाही.

पहिल्याच सकाळी मी हंडा सिंकमध्ये उपडा केला आणि त्या दारातच थबकल्या. दुसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आत हंड्यातलं पाणी पातेल्यांत, डब्यांत, अगदी कुकरमध्येसुद्धा भरलेलं असायचं. कणीक भिजवायला परात मिळेना. मी आठवडाभर गप्प राहिले, हा माझा विक्रमच.

आठव्या दिवशी त्या कालच्याच पातेल्यातलं पाणी पीत होत्या. मी हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाले, "अहो आई, ताजं भरलंय. आमच्यात पाहुण्यांना शिळं देत नाहीत."

मला वाटलं, चांगलं बोलले. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली. मुलाला उद्याच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. धुळीचं, छातीचं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. त्यांचं एकच, पाव्हण्यानं किती दिस ऱ्हावं. तेव्हा कळलं, त्यांच्या मनाला 'शिळं' नव्हे, 'पाहुण्यांना' हा शब्द लागला होता. माझी मलाच लाज वाटली.

सकाळी नळ आला. हंड्यातलं कालचं पाणी आज त्यांनी काढून ठेवलं नव्हतं. मीही हंडा उपडा केला नाही. त्यातूनच दोन पेले भरले, एक त्यांच्यापुढे ठेवला, दुसरा त्यांच्यासमोर उभी राहून प्यायले. माफी मागणं आमच्या पेठेत फारसं कुणाला जमत नाही, मलाही जमलं नाही. पाणी मात्र पाण्यासारखंच लागलं.

त्यांनी पेला संपवला, पदराने तोंड पुसलं.

"पाव्हण्याला ताजंच देत जा," त्या म्हणाल्या. "आपुन घरची मानसं. आपल्याला कालचं चालतंय."

मग पिशवी उचलून त्या आत गेल्या आणि लुगडी पुन्हा कपाटात लावू लागल्या.