विकलेली व्हॅन अजून त्यांच्याच नावावर

मंडळी, सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या ललिताताई पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. आता लाडक्या बहिणीचे पैसेही बंद झालेत. आज मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, बघा ना, काय लिहिलंय."

अपात्र. कारण, कुटुंबाच्या नावावर चारचाकी आहे.

"आमच्याकडे सायकलपण नाही," त्या म्हणाल्या. "व्हॅन होती, ती तर यांनी तुम्हालाच विकली ना?"

हो, मलाच. मिस्टरांनी सही केलेले ट्रान्सफरचे कागद माझ्या हातात दिले होते. आरटीओत खेटे कोण घालणार, म्हणून मी ते कपाटात ठेवले. पुढे व्हॅन विकली तेव्हा तेच कागद एजंटला देऊन मोकळा झालो. सगळे असंच तर करतात.

ताईंसमोरच गाडीचा नंबर ॲपवर टाकला. मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं फुल्यांनी झाकलेली होती, तरी ते मिस्टरांचंच नाव आहे हे मला ओळखता आलं. मी मोबाइल पालथा ठेवला. नंतर एजंटला फोन लावला, तो नंबरच बंद आहे. व्हॅन आता कुठे फिरतेय, देव जाणे.

वारलेल्या माणसाच्या नावावरची, आपल्या ताब्यात नसलेली गाडी त्याच्या नावावरून काढायची कशी? कुणी केलंय का हे?

जाताना ताई म्हणाल्या, "सरकारचीच काहीतरी चूक असेल, भाऊ."

मी हो म्हणालो.