त्रेचाळीस वर्षांची अल्पवयीन

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दिसायला एवढीशी आणि चावली तर डोळ्यांत पाणी, म्हणून वडिलांनी लहानपणीच लवंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच कायमचं चिकटलं.

उंची साडेतीन फुटांच्या वर दोन बोटं. जन्मापासूनच हाडं वाढायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चेहरा गोल, गुळगुळीत, आवाज बारीक. बसस्टँडसमोरच्या बोळात तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक खिडकी आणि आत माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. आत तिने फळ्यांचा चौथरा ठोकून घेतला होता. त्यावर स्टूल ठेवून बसली, की गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडायचा. ज्यांनी तिला कधी रस्त्यावर पाहिलंच नव्हतं, त्यांना ती चारचौघींसारखीच वाटायची. डोळ्याला भिंग लावून ती तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्याने उचलायची तेव्हा समोरचा माणूस श्वास रोखून धरायचा. तिचा हात मात्र कधी हलला नाही.

आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ अकरा. वडील दुकानात, म्हणून भावाच्या शाळेत पालक म्हणून सही करायला तीच जायची. पहिल्या वेळी शिपायाने तिला चौथीच्या वर्गात नेऊन बसवलं. त्या दिवशी तिने मुख्याध्यापकांच्या खोलीत जो आवाज काढला, तो शाळेत बरीच वर्षं आठवला जात होता. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडावं, दवाखान्यात नर्सने "आई कुठे आहे तुझी?" विचारावं, अनोळखी बाईने गाल ओढावा. या सगळ्यांसाठी तिच्याकडे तयार उत्तरं होती आणि ती उत्तरं लिहिण्यासारखी नाहीत.

म्हणूनच हातात स्मार्टफोन आला तेव्हा ती त्याच्यावर इतकी खूश झाली. फोनवर तिला उंची नव्हती. गिऱ्हाइकं घड्याळाचे फोटो पाठवायची, ती उत्तर द्यायची. शिवाय घड्याळजींचा एक गट होता, देशोदेशीचे दोनेकशे कारागीर. जुन्या चावीच्या घड्याळात काही अडलं, की कुणीतरी लिहायचं, "बाईंना विचारा." बाई म्हणजे ही. पांढऱ्या दाढीचे उस्ताद तिच्याशी अदबीने बोलायचे. सगळ्या आयुष्यात जे तिला भांडून मिळवावं लागलं होतं, ते इथे न मागता मिळत होतं.

एका बुधवारी सकाळी दुकान उघडून तिने फोन हातात घेतला, तर पडद्यावर नवीनच काहीतरी. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी नवा नियम आला होता आणि फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने आपलं वय सिद्ध करायचं होतं. कॅमेऱ्याकडे बघा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. तिने भिंग काढलं, केस मागे घेतले आणि सांगितलं तसं केलं. गोल गोल फिरणारी खूण थांबली आणि पडद्यावर एक हसरं अस्वल आलं.

"धन्यवाद! तुझं वय तेरा वर्षं असावं असा आमचा अंदाज आहे. तुझं खातं आता बालसुरक्षेत आहे. पुढे जाण्यासाठी आईबाबांना विचार."

ती आधी हसली. बाजूच्या खोक्यातल्या मोबाइलवालीला हाक मारून तिने ते अस्वल दाखवलं. मोबाइलवाली तिशीची, फोन दुरुस्त करायची आणि तोंडाची टकळी चालूच असायची. ती मात्र हसली नाही. "ताई, हे हसण्यावारी नेऊ नका," ती म्हणाली. "गट बघा आधी."

गट नव्हता. गिऱ्हाइकांचे निरोपही नव्हते. त्यांच्या जागी एक ओळ होती: अनोळखी प्रौढांचे निरोप तुझ्या सुरक्षेसाठी थांबवले आहेत. आता तिची सगळी गिऱ्हाइकं म्हणजे अनोळखी प्रौढच की! शनिवारी एक निवृत्त इंजिनड्रायव्हर दुकानाच्या खिडकीशी येऊन तिच्यावर खेकसून गेला. "चार दिवस फोटो पाठवतोय, उत्तर द्यायला काय होतं?" तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती.

यंत्राचा निकाल मान्य नसेल तर ओळखपत्र पाठवा, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तिने दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवले. जन्मतारीख, पत्ता, कार्डावर छापलेला बोटाचा ठसा, सगळं त्यात आलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: चेहरा आणि कागदपत्रावरचं वय जुळत नाही, हे ओळखपत्र दुसऱ्या व्यक्तीचं असण्याची शक्यता आहे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाला कुलूप लावून ती थेट फोन कंपनीच्या सेवा केंद्रात गेली. काचेची इमारत, गार हवा आणि छातीएवढं उंच टेबल. अर्थात दुसऱ्यांच्या छातीएवढं. तिने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून उभी राहिली आणि ओळखपत्र टेबलावर आपटलं.

"मी त्रेचाळीस वर्षांची आहे. हे मी, हा माझा चेहरा, हे माझं कार्ड. बघा आणि लिहा."

टेबलामागचा टायवाला कारकून वाईट नव्हता. त्याने बघितलं, मानही डोलावली. "मला दिसतंय मॅडम. पण मला बदलता येत नाही. ते यंत्र दुसऱ्या कंपनीचं आहे."

"मग माझ्या कार्डाचा फोटो कुणाकडे आहे?"

"त्यांच्याकडे."

"ते कोण?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत."

"म्हणजे माझं वय मानायचं नाही, पण माझा ठसा मात्र ठेवून घ्यायचा? तो पुसा तरी."

"पुसण्यासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो," कारकून म्हणाला आणि मग चाचरला, "मात्र... खातं प्रौढ व्यक्तीचं असावं लागतं."

त्यानंतर लवंगी जे बोलली ते ऐकून रांगेतली माणसं आधी हसली आणि मग गप्प झाली. रखवालदार आला. त्याने तिला दंडाला धरून खुर्चीवरून खाली उतरवलं, अगदी हळुवार, मूल उतरवतात तसं. तोच हात तिला पुढे कित्येक दिवस दंडावर जाणवत राहिला.

घरी भाऊ आणि वहिनी होते. तिघं एकाच घरात राहायची. भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता, स्वभावाने मऊ, भांडणाला भिणारा. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, मी पालक म्हणून मान्यता देतो ना. एक बटण. तुझं काम सुरू होईल, विषय संपेल."

"तू माझा पालक?"

"नावापुरता गं."

"तुझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या मी केल्यात. तुझं नाक मी पुसलंय. खबरदार त्या बटणाला हात लावलास तर!"

पण शुक्रवारी सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना त्याने तिचा फोन उचलला, आपल्या फोनशी जोडला आणि बटण दाबलं. मनात पाप नव्हतं. बहीण कुढतेय, काम बुडतंय, ते त्याला बघवेना.

फोन सुरू झाला. गिऱ्हाइकांचे निरोप धो धो आले. कंपनीला शहाणपण सुचलं असं समजून लवंगीने दुपारी मोबाइलवालीला चहा पाजला. मोबाइलवालीने भुवया उंचावल्या.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी तिघं जेवायला बसली होती. वहिनी बराच वेळ ताटातला घास चिवडत होती. शेवटी म्हणाली, "ताई, आमचं काही चुकलं का?"

"कशात?"

"घर सोडून जायचं ठरवलंत ते."

लवंगीचा हात थांबला. ती खरंच गेले दोन महिने एक खोली शोधत होती. राग नव्हता, रुसवा नव्हता. आयुष्यात एकदा तरी असं घर हवं होतं, जिथे दिव्याचं बटण, कपाटाची फळी, ओटा सगळं आपल्या हाताच्या उंचीवर असेल. पाणी प्यायला चढावं लागणार नाही. हे भावाला कसं सांगावं, कुठल्या शब्दांत सांगावं, याची ती मनाशी जुळवाजुळव करत होती. तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त फोनमध्ये शोधलं होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं. दर रविवारी सकाळी त्याच्या फोनवर अहवाल यायचा. आपल्या पाल्याचा आठवडा. पाल्य कुठे कुठे गेलं, कुणाशी किती वेळ बोललं, काय शोधलं. भाड्याच्या खोल्या, एकोणपन्नास मिनिटं. कालव्याजवळची इमारत, दोन वेळा.

"मी उघडणार नव्हतो," भाऊ म्हणाला. "समोर आलं, वाचलं गेलं."

"आणि मग बायकोला वाचून दाखवलंस."

"काळजी वाटली, ताई."

"काळजी!" ती उठून उभी राहिली. उभी राहूनही ती बसलेल्या भावाएवढीच होती, पण त्या क्षणी दोघांनाही ती छपराला लागल्यासारखी वाटली. "परक्यांनी मला पोर समजलं त्याचं मला कधी काही वाटलं नाही रे. त्यांना त्यांच्या तोंडावर उत्तर दिलं. आणि तू? मी अंघोळीला गेले असताना माझ्या गळ्यात पट्टा बांधलास आणि दोरी घेऊन बसलास. वर माझ्यासमोर पंधरा दिवस जेवलास!"

वहिनी रडायला लागली. भाऊ काही बोलायला गेला, पण लवंगी चपला घालून बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिने आपला फोन मोबाइलवालीच्या टेबलावर ठेवला. "याचं काय करायचं ते सांग. नाहीतर बत्त्याने ठेचते."

"ठेचू नका. यंत्राचा काय दोष? आतला कारभार बदलता येतो." मोबाइलवालीने खणातून स्वतःचा फोन काढून दाखवला. त्यात कंपनीची प्रणाली नव्हती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, खुली प्रणाली होती. ज्याला वाचायचं त्याने ती वाचावी, ज्याला दुरुस्त करायची त्याने करावी, चोरून काही आत ठेवायला जागा नाही. "तुमच्या घड्याळासारखं," ती म्हणाली. "मागचं झाकण उघडलं की सगळी चाकं समोर. पण आधीच सांगते, फुकटात काही मिळत नाही. बँकेचं ॲप चालणार नाही. बसच्या तिकिटाचंही नाही. जुना गट गेला तो गेलाच."

"चेहरा मागेल?"

"कुणी मागणारंच नाही त्यात."

"टाक."

दोन तास लागले. लवंगी स्टुलावर बसून प्रत्येक पायरी विचारत होती आणि आपल्या दुरुस्तीच्या वहीत लिहून घेत होती. त्यानंतर ती बँकेत स्वतः पायी जाऊ लागली. तिथलं टेबलही उंचच होतं, पण समोर माणूस होता आणि माणसाशी भांडता येतं. गिऱ्हाइकांसाठी तिने दुकानाच्या खिडकीवर पाटी लावली: फोन करा, बोला, फोटोची गरज पडल्यास घड्याळच घेऊन या. काही आली, काही तुटली. गटातल्या एका वृद्ध उस्तादांना तिने कागदावर पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की आणखी सहा जणांनी चेहरा द्यायला नकार दिला म्हणून तेही बाहेर फेकले गेलेत. उस्तादांनी आपल्या घरच्या संगणकावर नवा गट उघडला. दोनशेंपैकी पंचावन्न आले. बाकीच्यांना कंटाळा आला असावा, नाहीतर भीती वाटली असावी.

इकडे भावाने ते पालकत्व काढून टाकायचा प्रयत्न केला. होईना. दोन दिवस खटपट केली, मग तोच सेवा केंद्रात गेला. तिथे त्याला सांगितलं, की पाल्य अठरा वर्षांचं होईपर्यंत पालकाला जबाबदारी सोडता येत नाही. अजून पाच वर्षं.

"माझी मोठी बहीण आहे ती!" भांडणाला भिणारा तो माणूस त्या गार हवेत ओरडला. "तिने मला वाढवलंय!" त्याच रखवालदाराने त्यालाही बाहेर काढलं. हे त्याने लवंगीला संध्याकाळी दुकानावर येऊन सांगितलं. खिडकीपाशी उभा राहून, मान खाली घालून.

तिने भिंग काढलं नाही. हातातलं चाक जागेवर बसवलं, मग म्हणाली, "आता कळलं कसं वाटतं ते?"

"हो."

"कळलं ना. मग झालं. पण मला अजून राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही. सॉरी म्हणू नकोस."

तो म्हणाला नाही.

महिनाअखेरीस ती कालव्याजवळच्या खोलीत राहायला गेली. वहिनीने भांडी बांधून दिली, दारापर्यंत आली आणि पुन्हा रडली. भाऊ हातोडी आणि खिळे घेऊन आला. फळी कुठे ठोकायची ते ती सांगत होती, तो पेन्सिलने खूण करत होता. त्याच्या सवयीप्रमाणे खूण प्रत्येक वेळी वरच व्हायची.

"खाली," ती म्हणाली.

त्याने खूण खाली घेतली.

"अजून खाली."

तो गुडघ्यांवर बसला. फळी तिच्या खांद्याच्या पातळीला आली तेव्हा तिने मान हलवली, आणि त्याने पहिला खिळा ठोकला.