हमदुल्लाची मुकी गोळी

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्या ठाण्यात ती घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मी हवालदार होतो. दिघी खाडीच्या दोन्ही अंगांची माणसं यायची. कोणी बापाची ठासणीची बंदूक आणायचा, कोणी बारा बोअरची. बहुतेकांना ती कटकट वाटायची. बंदूक टेबलावर टेकवायची, पावती खिशात कोंबायची आणि चालू लागायचं.

हमदुल्ला हसवारे तसा नव्हता.

२००९ साली तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. कुवेतमध्ये आठ-दहा वर्षं क्रेन चालवली होती. नव्वदच्या लढाईत तिकडून अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला, तो पुन्हा गेलाच नाही. डोंगराखाली त्याची सुपारीची वाडी होती आणि थोडी भातशेती. रानडुकरं पिकाचा सत्यानाश करतात म्हणून त्याच्या बापाला रायफलीचा परवाना मिळालेला, तो ९१ साली बाप गेल्यावर याच्या नावावर झाला.

त्यानं रायफल ठेवली. दहा काडतुसं मोजून ठेवली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून तपकिरीची एक जुनी डबी काढली. डबीत मऊ फलाटीनच्या कापडाचा तुकडा आणि त्यात अकरावं काडतूस. पितळ असं चकचकीत, की सोन्याचं वाटावं. मी उलटं करून बघितलं. बुडाला जिथं घोड्याची सुई बसते, तिथं दोन खड्डे होते. दोनदा चाप ओढलेला, पण बार उडालेला नाही.

"हे फुसकं आहे चाचा," मी म्हणालो. "हे कशाला जपताय?"

"फुसकी नाय ती. मुकी हाय," तो म्हणाला. "रावजी, तुमचं नाव रावजी ना? एक मेहेरबानी करा. हिला दुसऱ्या काडतुसांत मिसळू नका. डबीतच ऱ्हाऊ द्या."

माणसं हत्यारावर जीव लावतात हे मला माहीत होतं. पण एका काडतुसावर? दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो तिला खोबरेल तेलाचं बोट लावून पुसायचा. ईदेला अत्तर लावायचा. मुलीच्या, जवेरियाच्या निकाहात ती त्याच्या शेरवानीच्या खिशात होती. बायको, महेरुन्निसा, आल्यागेल्याला सांगायची, "माझी सवत बघायचीय? त्या डबीत निजलीय." हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी फक्त डबी वेगळी ठेवली आणि पावतीवर तसं लिहून दिलं.

मुद्देमालाची खोली माझ्या टेबलाच्या मागच्या भिंतीला लागून. एक दार, एक गज लावलेली खिडकी, चावी माझ्या कमरेला. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी जेवून मी टेबलाशी बसलो होतो. ठाण्यात शांत होतं. आतून आवाज आला. टक्. रिकाम्या रायफलीचा चाप ओढल्यावर येतो तसा कोरडा, बारीक. क्षणभर गेला आणि पुन्हा टक्.

कुलूप उघडून आत गेलो. सगळ्या बंदुका साखळीत ओवलेल्या. हमदुल्लाच्या रायफलीचा बोल्ट मी स्वतः काढून वेगळा बांधून ठेवला होता. बोल्ट नसेल तर चाप कितीही ओढा, असा आवाज होत नाही. उंदीर म्हणावा तर उंदीर असा मोजून दोनदाच कशाला वाजेल? डबी उघडली. काडतूस होतं तसंच होतं. फलाटीन मात्र दमट लागलं हाताला. भर उन्हाळ्याची दुपार होती ती.

मी कुणाला बोललो नाही. पोलिसानं असलं बोलू नये.

निकाल लागल्यावर हमदुल्ला सामान न्यायला आला. डबी हातात घेतली, उघडली, आणि वर न बघता विचारलं, "बोलली काय हो?"

मी पावतीचं पुस्तक मिटलं. "कोण?"

"दोनदाच बोलते. जास्त नाय."

मग मी त्याला समोरच्या टपरीवर चहाला नेलं आणि म्हटलं, आता सगळं सांगा.

त्यानं सांगितलं ते असं. १९९२ सालचा कार्तिक. भात कापणीला आलेलं. डुकरांनी दोन रात्री धुमाकूळ घातलेला, म्हणून तो दिवस मावळायच्या आधीच शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसला. एकटा. उजेड जात होता, रंग गेले होते आणि नुसते आकार उरले होते. शेताच्या खालच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, भातात काहीतरी काळं हललं. मग घुरघुर ऐकू आली. थांबून थांबून, नाकातल्या नाकात. डुकराची मादी, त्याला वाटलं. त्यानं नेम धरला. चाळीस पावलांचं अंतर. चुकणं शक्य नव्हतं.

चाप ओढला. टक्.

बोल्टची मूठ उचलून पुन्हा दाबली, पुन्हा ओढला. टक्.

"तवा ते काळं उभं ऱ्हायलं," हमदुल्ला म्हणाला. "आधी एक गुडघा. मग डावा हात मांडीवर रेटला. मग कमर. बाई होती, रावजी. डोक्यावरून घोंगडी घेतलेली. मी वरडलो, कोण हाय, कोण हाय? तिनं मागं वळून पन बघितलं नाय. बांधावरून खाडीच्या दिशेनं गेली."

सकाळी जाऊन बघितलं तर भात तेवढं दबलेलं. त्यानं वाडीवाडीत विचारलं. कुणाच्या घरची बाई त्या बाजूला गेली नव्हती. महिन्याभरानं लोक त्यालाच विचारू लागले, की तब्येत बरी आहे ना? शेवटी त्यानं विचारणं सोडलं. तो कोपरा नांगरायचंही सोडलं. तिथं आता करवंदीची जाळी झालीय.

"त्याच खोक्यातली बाकीची काडतुसं मी नंतर वापरली. सगळी उडाली. हीच तेवढी गप ऱ्हायली. हिला मी टाकू कशी?" तो म्हणाला. चहा तसाच निवून गेला होता.

त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत डबी माझ्याकडे आली, आणि प्रत्येक वेळी एक दुपार अशी यायची, की आतून दोनदा आवाज व्हायचा. मी उठून बघणं बंद केलं. खरं सांगायचं तर भीती कमी झाली नव्हती, सवय झाली होती.

२०१९ चा जून. निकाल लागले, हमदुल्लानं रायफल परत नेली. मला आगरदांड्याला भाचीकडे जायचं होतं, त्यालाही पलीकडे काम होतं, म्हणून दिघीच्या जेटीवर आम्ही फेरीबोटीची वाट बघत बसलो. समोर सुक्या मासळीची टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. साठीकडे झुकलेली, काळी, कणखर. बोट लागली तशी ती उठली.

आधी एक गुडघा. मग डावा हात मांडीवर रेटला. मग कमर.

हमदुल्ला उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाय," तो म्हणाला, "रागवू नको. ब्याण्णव साली, कार्तिकात, डोंगराखालच्या भातात तिन्हीसांजेला तू बसली व्हतीस काय?"

ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. माणसं आमच्या बाजूनं बोटीत चढत होती. मग तिनं टोपली खाली ठेवली.

"ते तुमी व्हतात?" ती म्हणाली.

तिचं नाव नीराबाई. नवरा दारू पिऊन मारायचा. त्या दिवशी चार महिन्यांची पोर घोंगडीत गुंडाळून ती घराबाहेर पडली होती, आडवाटेनं माहेरी चाललेली. पोर भुकेनं रडायला लागली म्हणून बांधाच्या आडोशाला भातात बसून तिला पाजत होती. पोरीला सर्दी झालेली. दूध पिताना नाक घुरघुरत होतं.

हमदुल्लानं जेटीच्या खांबाला धरलं. आजवर त्याला वाटत होतं, नेमासमोर एकटी बाईच होती.

"मी वर बघितलं तर माळ्यावर बंदूक," नीराबाई म्हणाली. "माजा आवाजच फुटंना. हलता पन येईना. बोटीखाली सापडल्यागत झालं."

"मग उठलीस कशी?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्यानं हात केला ना. जा, जा, असा."

"दुसरा कोण?"

"ह्यांच्या बाजूला उभा व्हता तो." तिनं हमदुल्लाच्या उजव्या अंगाकडे बोट दाखवलं. "एक हात बंदुकीवर धरलेला, आन् दुसऱ्या हातानं मला सांगत व्हता, जा. देवमाणूस. मी आजपन दिवा लावताना त्याचं नाव घेते. म्हंजे नाव ठावं न्हाय, पन घेते."

मी हमदुल्लाकडे बघितलं. माळ्यावर तो एकटा होता. मला त्यानं दहा वेळा तरी ती गोष्ट सांगितली असेल आणि दर वेळी तो एकटाच होता. तो माणूस कसा दिसत होता, म्हातारा होता की तरुण, हे त्यानं विचारलंच नाही. बोटीनं भोंगा दिला. नीराबाईनं टोपली उचलली, पायरीवर थांबून म्हणाली, "पोर आता अंगणवाडीत शिकवते. भाविका. कदी येऊन बगा."

आमची बोट चुकली. आम्ही दुसरीनं गेलो. वाटेत मी म्हटलं, "चाचा, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं," तो म्हणाला. "मग मी माळ्यावर परत कसा बसलो असतो?"

पुढच्या ईदेला नीराबाई मुलीला घेऊन त्याच्या घरी गेली. महेरुन्निसानं मला सांगितलं, पूर्ण वेळ हा माणूस भाविकाच्या पायांकडे बघत बसला. तोंडाकडे बघण्याची हिंमतच झाली नाही. शीरखुर्मा मात्र स्वतःच्या हातानं वाढला, आणि वाटी न बघताच तिच्याकडे सरकवली, तेव्हा अर्धा चटईवर सांडला.

मी २०२१ ला निवृत्त झालो. २०२४ च्या निवडणुकीआधी हमदुल्लाचा फोन आला. डोळ्यांत मोतीबिंदू, हात हलतो, आता परवानाच सोडायचा ठरवलाय. कागदपत्रांसाठी अलिबागला येशील का? गेलो.

रायफलीचं काम लवकर झालं. अडलं ते अकराव्या काडतुसावर. खराब काडतूस ठेवून घेता येत नाही, नष्ट करावं लागतं. हमदुल्लानं तिथल्या परवान्याच्या साहेबाला हात जोडले. साहेब भला होता, पण कायद्यापुढे त्याचाही इलाज नव्हता. हत्यारं दुरुस्त करणारा दिपेश नावाचा एक पोरगेला कर्मचारी आम्हाला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला.

हमदुल्लानं डबी उघडली. शेवटचं तेलाचं बोट लावून काडतूस पुसलं. दिपेशनं घाई केली नाही, ब्याण्णव सालची गोष्टही ऐकून घेतली.

मग त्यानं पकडीत धरून पुढची गोळी उपसली आणि आतली दारू कागदावर ओतली. बारीक काळसर, कोरडी ठणठणीत. "बत्तीस वर्षांची वाटत नाही," तो म्हणाला. राहिली ती रिकामी पितळी नळी आणि तिच्या बुडातली, सुईच्या ठोक्यानं पेटणारी टिकली. ती टिकली मेलेली आहे याची खात्री करायला त्यानं नळी एका रायफलीत घातली, रायफलीचं तोंड वाळूच्या पेटीत धरलं आणि चाप ओढला.

असा काडकन् आवाज झाला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दिपेशनं नळी बाहेर काढून बघितली. "चाचा, ही तर चांगली होती की. पहिल्या ठोक्याला वाजली. तेव्हा कशी काय नाही उडाली?"

हमदुल्ला पेटीतल्या वाळूकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चल. आता तिला विचारतो."

त्याच दिवशी परतताना आम्ही नीराबाईच्या घरी गेलो. दुपार कलली होती. अंगणात बोंबील वाळत होते. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, काहीतरी विचारलं. मी मुद्दाम कुंपणाशी थांबलो होतो. ती हातांनी दाखवत होती. एवढी उंची. दाढी इथपर्यंत. डोक्यावर काहीतरी. हमदुल्ला मान हलवत होता, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

परत येताना मी विचारलं नाही. गाडी म्हसळ्याच्या फाट्याला लागली तेव्हा तोच म्हणाला, "माझाच माणूस व्हता, रावजी. घरचाच." त्यापुढे एक शब्द नाही, आणि आजवर नाही.

तो अजून आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसतं बरं. मी गेलो की आम्ही ओट्यावरच्या बाकावर बसतो. बाक तिघांचा आहे. हमदुल्ला पार डाव्या टोकाला सरकून बसतो, उजवीकडची जागा रिकामी ठेवतो आणि मला समोरची खुर्ची देतो. परवा महेरुन्निसा चहा घेऊन आली आणि बाकावर त्याच्या उजव्या बाजूला बसायला गेली. त्यानं हळूच तिचा हात धरला आणि म्हणाला, "तिथं नको. इकडून ये."

ती वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकली.