डोह टाकीपाशी उभा आहे

नायगावच्या अश्वजितचे दोन उद्योग. एक, बोअरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून देण्याचा. त्यावर घर चालायचं. दुसरा, भूत असण्याचा. त्यावर अश्वजित चालायचा.

भूत म्हणजे मोबाइलवरच्या एका ग्रुपातलं. नांदेड-लातूरकडची काही शहाणीसुरती माणसं तिथं मिळून एक गोष्ट लिहायची. प्रत्येकानं आपलं एक पात्र घडवायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. एकानं चार ओळी लिहिल्या की दुसऱ्यानं त्यांना धरून पुढच्या लिहायच्या. गोष्ट अशी, की पृथ्वीवरचं पाणी संपतं आणि मराठवाड्यातली माणसं ‘मांजरा’ नावाच्या यानात बसून दुसरा ग्रह शोधायला निघतात. भुतं मागं राहायला तयार होत नाहीत, कारण झपाटायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून यानात एक मुंजाही होता, आणि त्याची गैरसोय नको म्हणून इंजिनाशेजारी कुंडीत पिंपळ लावला होता. उड्डाण अमावास्या टाळून केलं होतं. विज्ञान कितीही पुढं गेलं तरी आपल्याला मुहूर्त लागतोच.

यानाचे कप्तान होते लातूरचे रविकांत सर. शिकवणीत फिजिक्स शिकवायचे. गोष्टीत त्यांचा डावा हात यंत्राचा होता, पण यंत्रासारखी चालायची ती त्यांची जीभ. चाकूरच्या गीतांजलीताई झपाटलेला यंत्रमानव झाल्या होत्या. उदगीरचे गुंडप्पा औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसून मुंजा चालवायचे. गिऱ्हाईक खोकत उभं असायचं आणि हे पिंपळावर.

अश्वजित होता डोह. डोह म्हणजे आटलेल्या विहिरीचं भूत. विहीर आटली, पण तळाची ओल जिवंत राहिली. ती ओल माणूस झाली आणि यानात चढली. दगडात, लोखंडात, धूमकेतूच्या शेपटीत कुठं पाणी आहे ते डोहाला कळायचं. यानातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तो ओंजळ पुढं करायचा आणि अख्खं यान वाकून त्या ओंजळीतून प्यायचं. “डोहा, पाणी दे,” अशा हाका दिवसभर मोबाइलवर येत. दुकानात मात्र “ए मोटारवाल्या” एवढीच हाक यायची.

ग्रुपाचे नियम दोन. खरं नावगाव कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. मारायचंच झालं, तर आधी ज्याचं पात्र त्याची परवानगी घ्यायची. रविकांत सर हे नियम राज्यघटनेच्या सुरात सांगत.

अश्वजितची आई भामाबाई या सगळ्यावर नाराज. “लोकांची पोरं नवरदेव होऊन राहिली,” त्या म्हणायच्या, “अन् माजं भूत होऊन बसलंय.”

“माय, माज्याबिगर जहाजाला पानी न्हाई.”

“आधी दुकानातला माठ भर. तो बी कोरडाच हाय.”

पुढं रविकांत सरांनाच वाटलं की एकदा सगळ्यांनी भेटावं. डोहाच्या गावी जाऊ, त्याची खरी विहीर बघू. तिघांचं येणं ठरलं. अश्वजित हरखला. त्यानं गाव कळवलं, धंदा कळवला, बसस्टँडजवळची खूण कळवली. नाव कळवलं नाही. नियम म्हणजे नियम, असं समजणारा तो यानातला एकटाच असावा.

भामाबाईंनी मटणाचा बेत धरला. त्यानं मोडला.

“एखादा माळकरी निघाला तर?”

“भुतं माळ घालतेत व्हय रं?”

शेवटी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी ठरली. कुणाला नाही म्हणायला जागाच राहू नये, असा बेत. नवे पेलेही आले.

पाहुण्यांची गाडी शेषेरावांच्या पानटपरीशी थांबली. पुढचं शेषेरावांनीच मला सांगितलं, मोठी जनसेवा केल्यासारखं.

“इथं डोह कुठं राहतात?” रविकांत सरांनी विचारलं.

“डोह न्हाई बा गावात. हीर हाय एक, ती बी कोरडी.”

“मोटारी भरतात ते.”

“मग अश्वजित म्हना की.” शेषेरावांनी पाहुण्यांना खालीवर न्याहाळलं. “तुमी कुणापैकी?”

पाहुण्यांनी सांगितलं. आपल्याकडं हा प्रश्न गाडीचा नंबर विचारावा तितक्या सहज विचारतात आणि उत्तरही तितक्याच सहज मिळतं.

“मग चहा हितंच घेऊन जावा,” शेषेराव म्हणाले. “त्याचं घर तिकडं, विहाराच्या गल्लीत हाय.”

चहा तिथं झाला. घरीही सगळे गेले, कारण माणसं सुशिक्षित होती. भिंतीवरचे बुद्ध पाहिले, बाबासाहेब पाहिले, मग तिघंही पंख्याकडं पाहत बसले. भामाबाई पाणी घेऊन आल्या.

“घे माय, उन्हातून आलीस.”

“बाटली आहे हो मावशी सोबत,” गीतांजलीताई म्हणाल्या.

रविकांत सरांचा घसा धरला होता, त्यांना गार चालत नव्हतं. “माठातलं न्हाई बाबा, साधं हाय,” भामाबाई म्हणाल्या. मग साधंही चालत नव्हतं. गुंडप्पांनी पेला घेतला, जपून खाली ठेवला आणि त्याच्याकडं पुन्हा पाहिलं नाही. याच गृहस्थांनी गोष्टीत डोहाच्या ओंजळीतून एक नदी संपवली होती.

धपाट्यांची ताटं आली तेव्हा कळलं की तिघांना उपास आहे.

“कशाचा?” भामाबाईंनी साधेपणानं विचारलं.

“शनिवारचा,” रविकांत सर म्हणाले.

“सोमवारचा,” गुंडप्पा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. त्या दिवशी रविवार होता.

विहीर लांबूनच बघून झाली. विहिरीसमोर तिघांचा फोटो झाला. तो अश्वजितनं काढला, म्हणून त्यात अश्वजित नव्हता. गाडी गेल्यावर भामाबाई ताटं आवरत एवढंच म्हणाल्या, “चुकलं माजं. साबुदाना करायला पायजे हुता. म्हंजी त्यास्नी दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.”

दुसऱ्या दिवशी अश्वजितनं लिहिलं, “डोहानं ओंजळ पुढं केली.” कुणी वाकलं नाही. त्याच्या वरून, खालून, आजूबाजूनं गोष्ट पुढं गेली. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. अशा गोष्टीत पात्र मारावं लागत नाही. त्याला उत्तर दिलं नाही की पुरतं. आठवड्याभरात कप्तानाच्या यांत्रिक हाताला अडगळीत एक यंत्र सापडलं. हवेतून पाणी काढणारं, “संपूर्ण शुद्ध”. सगळं यान त्यावर तुटून पडलं. गीतांजलीताईंचा यंत्रमानवसुद्धा प्यायला, ज्याला पाणी लागतच नव्हतं.

मग रविकांत सरांचा खासगी निरोप आला. आजवर ‘डोहा’ म्हणणारे सर एकदम ‘अश्वजितजी’वर आले होते. कथेच्या दृष्टीनं डोहाचं बलिदान व्हावं असं सगळ्यांना वाटतं. प्रसंग भव्य करू. यानात स्मारक उभारू. आपली परवानगी हवी, कारण नियम आहे.

निरोप त्यानं मला दुकानात दाखवला. पुढ्यात एक जळकी मोटार उघडी पडली होती.

“देऊन टाक बाबा,” मी म्हणालो. “न्हाईतर काढतील तुला.”

“न्हाई काढत. काढायला कारन सांगावं लागतंय.” त्यानं बोटं पुसली आणि लिहिलं, “परवानगी नाही.”

त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याला काढलं नाही. दुकान उघडलं की तो रोज एक ओळ लिहितो, “डोह टाकीपाशी उभा आहे.” तिला उत्तर येत नाही. गोष्ट जोरात चालली आहे. यान कुठल्या तरी हिरव्या ग्रहाजवळ पोचल्याचं ऐकतो.

परवा भामाबाई डबा घेऊन दुकानात आल्या, तेव्हा तो हेच लिहीत होता.

“अजून त्याच जहाजात हायस का रं?”

“हाव.”

“पानी पेतेत का कुनी?”

“न्हाई.”

“मग उतर की खाली.”

“मी उतरलो तर त्यांचं सोपं हुतंय, माय.”

भामाबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला आणि दुकानातला माठ भरायला घेतला.